दाढ दाखवायला बुलढाण्याला

३ डिसेंबर, उंद्री

ही डायरी बियाण्याच्या कंपनीची, तीही गेल्या सालची. दुकानदारानं यांना फुकट दिली आणि यांनी ती न बोलता माझ्या उशाशी आणून ठेवली. न बोलता हे वेगळं सांगायला नको. हे सगळंच न बोलता करतात. छापलेल्या वारांचा या सालाशी मेळ बसत नाही, म्हणून मी वार खोडून टाकले आहेत.

पहिल्या पानावर नाव-गाव लिहितात. मी प्रेरणा. माहेर सोनाळा, सातपुड्याच्या पायथ्याशी. बी.ए. झाले, मे महिन्यात लग्न झालं आणि इथे उंद्रीला आले. घरात चौघं: मी, हे म्हणजे दीपक, सासूबाई तानुबाई आणि सासरे कडूबा. आमच्याकडे सासूला मामी म्हणतात, सासऱ्यांना मामाजी. मळ्यात वांगी, मेथी, कोथिंबीर आणि बांधाला तूर.

आई फोनवर विचारते, "जावई बोलतात का वं?" मी म्हणते, बोलतात. खोटं नाही. "हाव" म्हणतात. जेवले का? हाव. चहा टाकू? हाव. एकदा मी मुद्दाम विचारलं, मी आज विहिरीत उडी मारू का? म्हणाले, "हाव," आणि मग दचकून वर पाहिलं.

मळ्याला लाईट रात्रीची, म्हणून रात्री हे पाणी द्यायला आणि रानडुकरं हाकलायला मळ्यात. सकाळी येतात ते वांग्याचे कॅरेट भरून चिखलीला पळतात. दुपारी येऊन झोपतात. उरलेल्या वेळात आमच्या खोलीला दार नाही, पडदा आहे. पडद्याआड कुजबुजलं तरी पलीकडून मामाजी विचारतात, "काय म्हणली वं?"

चौघांनी एकदम घर सोडायचं तर कुलूपच नाही. मामाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "कडूबाच्या घराले कुलूप लागलं नाही कधी. कोणी ना कोणी असतेच घराजवळ."

खिडकीत रोज सकाळी तुरीच्या ओल्या शेंगांचा एक झुपका ठेवलेला असतो. मामी शेळीसाठी ठेवत असतील. मी न चुकता शेळीला घालते. शेळी चांगली गुबगुबीत झाली आहे.

५ डिसेंबर

योगिनीचा स्टेटस पाहिला. कॉलेजात माझ्या बाकावर बसायची, आता अकोल्याला दिली आहे. नवऱ्याबरोबर दिवसभर फिरली. एका फोटोत दोघं एकाच वाटीतून कुल्फी खाताहेत. मी तो फोटो यांच्यासमोर धरला आणि म्हटलं, "पाहा, लोक कसे फिरतात." यांनी पाहिला. नीट पाहिला. मग फोन चार्जिंगला लावून निघून गेले.

रागाने मी यांच्या ताटातल्या भाजीत मीठच टाकलं नाही. सगळी खाल्ली. "कशी झाली?" विचारलं तर म्हणाले, "हाव."

७ डिसेंबर

आज गोठ्यात मी शेण काढत होते. हे आले, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हशीकडे पाहत म्हणाले, "बुलढाण्याले चालते?"

मला वाटलं म्हैस विकायला नेताहेत.

"तू," म्हणाले. "शनिवारी. फिराले." आणि कान लाल.

माझ्या हातातलं घमेलं पडलं. पण घरी सांगायचं काय? नुसतं फिरायला जातो म्हणायची या घरात सोय नाही. लोक म्हणतील कडूबाचं पोट्टं कापूस वेचायच्या दिवसांत बायको फिरवून राह्यलं. मी एका मिनिटात निमित्त काढलं. माझी दाढ दुखते. दाढेला डॉक्टर लागतो आणि सुनेला एकटं कोणी पाठवत नाही. यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी बँक लुटायचा बेत सांगितला. मग हसले. यांना खालच्या ओठाशी खळी पडते हे मला आज कळलं.

८ डिसेंबर

दाढ सकाळपासून दुखते आहे. उजवी. गालाला हात लावून फिरते, हळू बोलते. मामींनी लवंग दिली, मग लवंगेचं तेल दिलं, मग मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. जीभ पूर्ण बधिर. संध्याकाळी मामींनी फुटाणे आणि गूळ काढला, माझ्यासमोर बसल्या आणि कुडुमकुडुम खात म्हणाल्या, "तुले देले असते बाई, पण तुह्यी दाढ."

फुटाणे म्हणजे माझा जीव की प्राण. त्यांना हे ठाऊक आहे. बिचाऱ्या विसरल्या असतील.

जेवताना यांनी ठरल्याप्रमाणे विषय काढला. आदल्या दिवशी मी यांच्याकडून तीनतीनदा घोकून घेतलं होतं. "हिले बुलढाण्याले न्यावं लागते. दाढ."

चिखलीत दाताचे डॉक्टर नाहीत का, असं आता विचारणार. हे घाबरून आधीच म्हणाले, "तिकडे मशीन आहे."

मामाजी एकदम म्हणाले, "मशीन पाहिजेच! मशीनबिगर दाढ पाहूच नये. जा. सकाळीच निघा. संध्याकाळ झाली तरी चालते, घाई करू नका." वर म्हणाले, "गाडी मात्र घरी ठेवजो बे. मले अमडापूरले जायचं आहे. तुम्ही एस.टी.नं जा."

इतका जिव्हाळा! मला लाज वाटली.

१० डिसेंबर

मामाजी चिखलीहून केस काळेभोर करून आले. मिशीसुद्धा. म्हणाले, "न्हाव्यानं चुकून लावलं. मले डुलकी लागली होती." मामी पदर तोंडाला लावून आत गेल्या. हसल्या की रागावल्या, कळलं नाही. मामींनी लोखंडी पेटीतली हिरवी, जरीच्या काठाची साडी काढून उन्हात टाकली आहे. कसर लागते म्हणाल्या. थंडीत कसर कुठून लागली?

माझी दाढ तशीच. आज डावा गाल धरून जेवले.

११ डिसेंबर

मनाचं स्वास्थ्य गेलं आहे. पाणी भरायला मागच्या दाराने आले तर मामी-मामाजी चुलीपाशी हळू आवाजात बोलत होते.

मामी: "पोट्टे गेले का मंग करू."

मामाजी: "अन् कोणी पाह्यलं तं?"

मामी: "पाह्यलं तं पाह्यलं. पण पोरीले आधी कळू देऊ नका."

मी उलट पावली फिरले. आम्ही गेल्यावर काय करणार आहेत? मला एकच सुचतं. माझ्या बाबांना फोन करून तक्रार सांगणार. भाकरी जाड करते, मोबाईल पाहते, म्हशीला घाबरते. म्हणून तर मामाजी आम्हाला लवकर घालवायला निघाले आहेत.

आणि खरं लिहायचं तर लिहितेच. आईने संक्रांतीनंतर सोनाळ्याला बोलावलं आहे. मी ठरवलं आहे, शनिवारी बुलढाण्यातही हे मुकेच राहिले तर मी माहेरी जाईन आणि परत यायची घाई करणार नाही. महिना म्हणा, दोन महिने म्हणा. भांडण करणार नाही. भांडायला तरी समोरचा बोलावा लागतो.

१२ डिसेंबर

उद्या यायला उशीर झाला तर म्हशीचं दूध काढायला कोणी हवं. मामींचं गुडघ्याचं दुखणं, म्हणून शेजारच्या अन्नपूर्णाबाईंना हळूच विचारलं. एकट्या राहतात, सगळ्या गल्लीचं त्यांना ठाऊक. ऐकून त्या इतक्या हसल्या की ठसका लागला.

"अवं माय! तू बी?"

"मी बी म्हणजे?"

"काही नाही. जा बाई, जा. दात चांगला दाखवजो."

दात दाखवण्यात हसण्यासारखं काय आहे?

१३ डिसेंबर

लिहायला खूप आहे. सगळं ओळीने लिहिते.

सकाळी निघालो. मामाजी फाट्यापर्यंत सोडायला आले. एस.टी. हलेपर्यंत उभे होते, दोनदा ड्रायव्हरला म्हणाले, "चाल ना राजा." गाडीत यांच्या ओळखीचे एक जण निघाले, त्यामुळे चिखलीपर्यंत मला गाल धरून कण्हावं लागलं. त्यांनी दाढदुखीवर रुईच्या चिकापासून मंत्रापर्यंत सगळे उपाय सांगितले. चिखलीला ते उतरले आणि मी गालावरून हात काढला. बुलढाण्याच्या गाडीत पहिल्यांदा आम्ही शेजारी बसलो. मध्ये यांनी पाण्याची बाटली ठेवली.

बुलढाण्याला हवा गार होती. ऑटोने राजूर घाटात गेलो. खाली सगळा मुलूख पसरलेला, वळणावळणाने ट्रक चढताहेत. मी नवी जांभळी साडी नेसले होते, तासभर खपून केस केले होते. मी विचारलं, "छान आहे ना?" हे म्हणाले, "हाव." "तुम्ही इथे आधी आला होता?" "हाव." "कोणाबरोबर?" जरा विचार करून म्हणाले, "ट्रॅक्टर."

मी कठड्यावर बसले. बाजूला कॉलेजातलं एक जोडपं एकमेकांना शेंगदाणे भरवत होतं. यांनी खिशातून शेंगदाण्याची पुडी काढली, माझ्या हातात दिली आणि लांब जाऊन उभे राहिले, जसं काही पहारा द्यायला आले आहेत. मी एकटीने सगळे शेंगदाणे खाल्ले आणि मनात सोनाळ्याची पिशवी भरून टाकली. दोन महिने नक्की.

तिथून टॉकीजला. पोचेपर्यंत पिक्चर सुरू झालेला, आत काळोख. चाचपडत मागच्या एका रांगेत बसलो. आमच्या पुढच्याच रांगेत एक जोडपं होतं आणि त्यातली बाई गप्पच बसेना.

"हा काऊन पळून राह्यला आता?"

"चूप बस ना, पाहू दे."

"हे पोरगी कोण? मघाची का अलग?"

"अलग."

"मंग मघाची कुठी गेली?"

मी यांच्या कानाशी म्हटलं, "कुठून कुठून येतात! टॉकीज डोक्यावर घेतली यांनी."

आणि तेव्हा ते घडलं. यांनी माझा हात धरला. घट्ट. लग्नात भटजींनी धरायला लावला होता त्यानंतर चारचौघांत पहिल्यांदा. माझ्या अंगावर काटा आला. पिक्चरमधला नायक काय करत होता मला ठाऊक नाही. यांचा तळहात घामाने ओला झाला होता, मला वाटलं प्रेमाने. मग हे माझ्याकडे झुकले. श्वास माझ्या कानाला लागला. मी डोळे मिटले.

"खाली वाक," हे म्हणाले.

"अं?"

"वाक खाली. पुढं माय बसली आहे. बाबा बी."

तेवढ्यात पुढचा माणूस खोकला. तो खोकला मी रोज पहाटे ऐकते.

आम्ही दोघं सीटच्या खाली. माझी साडी कशात तरी अडकली, वर हातातले पॉपकॉर्न सांडले. आणि इंटर्वल झाला. भसकन सगळे दिवे लागले. मी मान वर केली तर दोन सीटच्या फटीतून हिरव्या जरीकाठाची साडी माझ्याकडेच वळलेली. मामी. केसांत अबोलीचा गजरा. मामाजींच्या काळ्याभोर केसांवर गॉगल चढवलेला.

शेवटी मामींनीच तोंड उघडलं. "दाढ काढली का?"

माझ्या तोंडात पॉपकॉर्न होता. तो चावल्याशिवाय गिळता येईना आणि चावला तर आवाज होणार. मी तो चावला. "हो मामी. दुखली नाही."

यांनी कपड्यांवरचा कचरा झटकला. "बाबा, तुम्ही तं अमडापूरले जाणार होते."

मामाजी म्हणाले, "रस्ता चुकलो."

मग बापलेकांच्या डोक्यात एकाच वेळी उजेड पडला. दोघं एकदम ओरडले, "मंग घराजवळ कोण आहे?"

मामाजींचा चेहरा पांढरा पडला. त्या काळ्या मिशीमुळे आणखीच पांढरा दिसला. दार सताड, म्हैस दाव्याला, तांदळाच्या डब्यात ठेवलेले मामींचे दागिने. "चाला," ते म्हणाले, "आताच्या आता."

"बाबा, तुम्ही बसा. आम्ही जातो," हे म्हणाले.

"तुम्ही लेकरं आहा. तुम्ही बसा. आम्ही जातो."

"गाडी तुमच्यापाशी आहे, मले द्या, मी पटकन..."

"गाडी देली तं मी तुह्या मायले खांद्यावर नेऊ का बे?"

मागून कोणी तरी ओरडलं, "ओ काका, घरचं घरी! पिक्चर लागला."

मामींनी मात्र शांतपणे फोन काढून अन्नपूर्णाबाईंना लावला. त्यांचा आवाज फोनबाहेर दोन रांगांना ऐकू गेला असेल. "मी आहो ना तुमच्या वट्यावर! काल सासू सांगून गेली, मंग सून सांगून गेली. मी कोणाले कोणाचं सांगू? पाहा पिक्चर आरामशीर. आजचं दूध मात्र माह्या घरी जाईन."

मामाजी मटकन बसले. आम्हीही पुढच्या रांगेत सरकलो. मामींनी मला ओढून शेजारी बसवलं आणि दोन्ही पुरुषांना दोन टोकांना घातलं. अशा रीतीने माझ्या फिरायच्या दिवसाचा अर्धा पिक्चर मी सासूचा हात हातात घेऊन पाहिला. मघाची पोरगी कुठे गेली ते त्यांना समजावून सांगितलं. मग त्यांनी मला त्यांचं सांगितलं.

"लग्न झालं तवा म्हणे, तुले बुलढाण्याले पिक्चर दाखवतो. मंग सासूबाई आजारी. मंग दीपक झाला. मंग दोन म्हशी झाल्या. कोणी ना कोणी घरी पाहिजेच ना. ते कोणी म्हणजे मीच. तुह्यी दाढ दुखली अन् मले देव पावला."

मी म्हटलं, "मामी, तुम्हाला खरंच वाटलं दाढ दुखते?"

"पहिल्या दिवशी उजवी धरली होती तू. परवा डावी. मी म्हटलं, चांगलं आहे, दाढ बी फिराले निघाली."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून हसले. त्या दिवशी चुलीपाशी काय चाललं होतं आणि मी काय समजले, हे त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं, आणि मला बावळट.

पिक्चर सुटल्यावर मला वाटलं आता चौघं मिळून हॉटेलात, मग घरी, म्हणजे संपलं. पण मामींनी टॉकीजच्या दारातच वाटणी केली. "आता तुम्ही तिकडं, आम्ही इकडं. रस्त्यात दिसलो तं ओळख दाखवायची नाही." मामाजींनी गॉगल डोळ्यावर ओढला. ते मान ताठ करून निघाले आणि मामी चक्क त्यांच्या शेजारून चालत गेल्या. गावात त्या नेहमी चार पावलं मागून चालतात.

आम्ही कोर्टासमोरच्या टपरीवर चहा घेतला. आजूबाजूला काळे कोट, अशील, फायली. हे खाली पाहून चहा ढवळत होते आणि एकाएकी हसायला लागले. खांदे हलवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "रस्ता चुकलो म्हणे!" मी पण हसले. आणि मग काय झालं कोण जाणे, धरणाचं दार उचलावं तसे हे बोलायलाच लागले. सगळं लिहिता येणार नाही. जे लिहिण्यासारखं आहे ते असं.

"तुम्ही इतके दिवस बोलत का नव्हता?" मी विचारलं.

"साक्षगंधाच्या दिवशी माह्या मोठ्या मामानं सांगितलं. म्हणे, पोरगी बी.ए. आहे, तू बारावी नापास. कमी बोलजो, म्हणजे चूक कमी निघते."

"आणि तुम्ही ते सात महिने पाळलं?"

"मंग? मी अगदी हाव-नाहीवर आणून ठेवलं होतं. नाही बी म्हणत नव्हतो, तुले वाईट वाटन म्हणून."

मी कपाळावर हात मारला. शेजारचे वकीलसाहेब आमच्याकडे पाहायला लागले.

"पण मी सांगतच होतो ना," हे म्हणाले. "न बोलता. डायरी आणली. तुह्या फोनची पिन ढिली होती, ते रोज कागद लावून चार्ज करत होतो. अन् शेंगा? मळ्यातून येताना रोज कवळ्या कवळ्या पाहून तोडत होतो. दवात. बॅटरी तोंडात धरून."

"कुठल्या शेंगा?"

"खिडकीत ठेवतो त्या. तू खाते ना?"

मी चहाचा घोट घेतला. लांबलचक. खोटं बोलायची तशी मला आता चांगली सवय झाली होती. पण नाही जमलं.

"शेळीला घातल्या," मी म्हटलं.

"सगळ्या?"

"रोज."

यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. मला वाटलं गेलं, दार पुन्हा बंद. मग गंभीरपणे म्हणाले, "म्हणूनच ते शेळी मले पाहून इतकी लाडात येते."

तिथे मी इतक्या मोठ्याने हसले की चहावाल्याने विचारलं, केस जिंकली का वहिनी?

परतताना एस.टी.त पाण्याची बाटली मधे नव्हती. चिखली सोडल्यावर मागून हॉर्न वाजला. आमच्या खिडकीच्या बाजूने आमचीच मोटारसायकल पुढे गेली. मामाजी वाकून गाडी चालवत होते आणि मामींनी त्यांच्या कमरेला मिठी घातली होती. हिरवा पदर वाऱ्यावर. मामींनी वर पाहिलं, आम्हाला ओळखलं आणि ठरल्याप्रमाणे ओळख दाखवली नाही. डोळा मात्र मारला. मी शपथेवर लिहिते, मारला.

१४ डिसेंबर

घरात कालचं कोणी काही बोलत नाही. मामाजी सकाळी गोठ्यात उगाच म्हशीवर ओरडले, म्हणजे घराची शिस्त पूर्ववत झाली. अन्नपूर्णाबाईंनी आख्ख्या गल्लीला सांगितलं आहे. त्यांच्या सांगण्यात आम्ही चौघं पडद्यावर चढून नाचलो.

संध्याकाळी मामाजींनी पिशवीतून एक जाडजूड पितळी कुलूप काढलं. म्हणाले, "जमाना खराब आहे." किल्ल्या दोन. एक मामींनी कमरेला खोचली, दुसरी माझ्या हातात दिली.

खिडकीतल्या शेंगा मी आज उकडून खाल्ल्या. शेळी दिवसभर ओरडत होती.

२ जानेवारी

यांना कोणी तरी गप्प करा. तुरीवरची अळी, वांग्याचा भाव, शाळेत मास्तरांनी कोंबडा कसा केला, बैलपोळ्याला बैल कसा सुटला. काल मी पोळ्या लाटत होते आणि हे दारात उभं राहून तासभर ठिबकच्या नळीबद्दल बोलले. पडद्याआडून मामाजी म्हणाले, "बस कर बे आता. कान दुखले."

सोनाळ्याला पंधरा दिवसांसाठी जायचं ठरलं आहे. आता पंधरा दिवस मलाच जास्त वाटताहेत, पण आईला शब्द दिला आहे. मागे घेतला तर ती काय ते ओळखेल आणि गावभर लाडू वाटेल.

१६ जानेवारी, सोनाळा

संक्रांत करून आले. मामींनी हलव्याचे दागिने स्वतः ओवून घातले. निघताना फाट्यावर हे नुसते उभे. मामाजी, मामी, एस.टी.तली माणसं, सगळी पाहत होती, त्यामुळे यांची बोलती पुन्हा बंद. गाडी हलल्यावर म्हणाले, "हाव."

कशाला हाव? मी काही विचारलंच नव्हतं.

आईने तिळाची पोळी वाढली आणि विचारलं, "जावई आता बोलतात का?" मी म्हटलं, "पुष्कळ." तिचा विश्वास बसला नाही. साक्षगंधापासून तिने यांना मुकंच पाहिलं आहे. बाबाही ओसरीतून म्हणाले, "सोयरीक चांगली आहे, पण पोरगा घुम्या आहे." मला राग आला. बोलून दाखवता येईना.

१९ जानेवारी

दुपारी बाबा ओसरीत पेपर वाचत होते, काका पण आले होते, शेजारची दोन माणसं समोरच्या पारावर गप्पा मारत बसली होती. मी आत हरभऱ्याची भाजी निवडत होते. बाहेर मोटारसायकल थांबली.

हे. उंद्रीहून इतक्या लांब, गाडीवर, थंडीत. कानाला मफलर, भुवयांवर धूळ. माझा जीवच उडाला. घरी कोणाचं काही झालं? आई पाण्याचा तांब्या घेऊन धावली. बाबा उठून उभे राहिले.

"या, या जावाईबापू. सगळं ठीक आहे ना घरी?"

"हाव."

"तब्येती?"

"हाव."

बाबांनी काकांकडे पाहिलं. बघा, सांगत नव्हतो, असा चेहरा. मग काळजीने विचारलं, "मंग इकडे काही काम काढलं का? बाजारात वगैरे?"

मी दाराच्या आडून पाहत होते. यांनी मफलर काढला. कान लालभडक. थंडीने नव्हे. मला वाटलं आता म्हणतील, दाढ. म्हणतील, रस्ता चुकलो. सासरच्या चार माणसांत दुसरं कोण काय सांगणार?

"काम काही नाही," हे म्हणाले. "हिच्याशी बोलाले आलो."

काका मिशीवरून हात फिरवायचे थांबले. पारावरच्यांपैकी एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं.

बाबा म्हणाले, "फोन नाही का तुमच्यापाशी?"

"आहे ना. पण फोनवर ते एकटीच बोलते. माहं राहूनच जाते."

आई तोंडाला पदर लावून आत पळाली. बाबांनी पेपर उघडला आणि चेहऱ्यासमोर धरला. पेपर हलत होता.

आम्ही मागच्या अंगणात जाऊन बसलो. काय बोललो? तुरीला शेंगा कमी धरल्या. शेळी व्याली, दोन पाठी झाल्या, एक पांढरी. मी म्हटलं, "मला कधी न्यायला येता?" हे जरा घुटमळले. "माय म्हणते, पोरीले पंधरा दिवस म्हटले तं पंधरा दिवस राहू दे. अन् मले म्हणते, तू बी थांब चार दिवस सासुरवाडीले. घाई करू नको. बाबांनी तं माह्या पिशवीत कपडे बी भरून देले."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि हसू आवरेना.

संध्याकाळी जेवायला बसलो. आई चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. बाबा दुपारपासून कमी बोलत होते, ताकाची वाटी हातात फिरवत होते. मग एकदम म्हणाले, "काव वं, आपण दोघंच असं कुठी गेलो होतो का कधी?"

आईने वळून पाहिलंसुद्धा नाही. "गेलो होतो ना. अंजनगावले. तुमच्या काकाच्या मयतीले."

मला ठसका लागला. बाबा मात्र हसले नाहीत. जरा वेळाने म्हणाले, "तवा तू जांभळं पातळ नेसली होती."

आईचा भाकरीवरचा हात थांबला.

"निळं," ती म्हणाली.

"जांभळं."

"मयतीले कोणी जांभळं नेसते का? निळं होतं."

"म्या पाह्यलं ना. गाडीत सगळ्या वाटेनं तेच पाहत होतो."

भाकरी तव्यावर करपली. आता मी हे लिहिते आहे तरी दोघं अजून भांडताहेत. हे माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसले आहेत आणि ओठाशी खळी पाडून ऐकताहेत. मघाशी हळूच मला म्हणाले, निळंच असेल. मी म्हटलं, अजिबात नाही, बाबा सांगतात तर जांभळंच.

त्यावरून आता आमचंही लागलं आहे.